नऊ फूट आळ

संकेश्वरहून आत, दोन पाट्यांचं आमचं गाव.
तळ्याच्या समितीचं इतिवृत्त मी लिहिते,
कारण दोन्ही भाषांत माझं अक्षर सारखंच वाईट.
कुणाला संशय येत नाही.

तळं आटलं त्या साली
दूध सोसायटीच्या ओसरीवर, रिकाम्या कॅनांशेजारी बैठक.
दुंडप्पा कमते म्हणाले,
आळ इल्ल. केरेगे आळ इल्ल.
बावीस वर्षं फौजेत काढून आलेले
सुभेदार मोनाप्पा गावडे ताडकन उठले.
वर्गणीची वही त्यांच्याकडे.
"आळ घ्यालाय काय माझ्यावर?
पावती न् पावती दाखवतो!"
दुंडप्पा गोंधळले. खोलीची पावती?
मग लहान मुलाला सांगावं तसं, हळू:
आळ बेकु, सुभेदार. आळ.

मी पेन ठेवलं.
आळ म्हणजे खोली, म्हटलं.
तळ्याला खोली उरली नाही, एवढंच म्हणतायत ते.
असं हसणं झालं की कॅनसुद्धा वाजले.
चहा आला. वाटलं, सुटलं.

शब्दाची गाठ नखानं सुटते.
तिच्याखाली आणखी एक होती, ओली.

सुभेदारांना तळं म्हणजे घनफूट.
सरळ कडा, सपाट तळ, वाचलेले टँकर.
दुंडप्पांना पाण्याच्या आधी गाळ हवा होता:
माझ्या शेतातून वाहून गेलीय ती,
तिला घरी न्यायचीय.
पद्मण्णा उपाध्ये उशिरा बोलले, खाली बघत.
आग्नेयेच्या ओलीत जीव आहेत.
तिथं मशीन घालणार असाल
तर वर्गणी ठेवा, यादीतून नाव काढा.
आणि दूध घालायला आलेली बिबीजान,
जिला कुणी विचारलंच नव्हतं,
माप परत घेता घेता म्हणाली,
एवढं खोल करशिला,
मग माझ्या म्हशी उतरायच्या कुठनं?

'मतभेद' असा एक शब्द लिहिला की पान वाचतं.
मी तोच लिहिला.
रात्री खोडला.

सकाळी सहाला सगळ्यांना तळ्यात बोलावलं.
ठराव नाही, चर्चा नाही.
ज्याला जे दिसतं, त्यानं तिथं जाऊन उभं राहायचं.

सुभेदार पावलं मोजत निघाले.
दुंडप्पांनी वाटेत थांबवलं,
चिमूटभर गाळ जिभेवर ठेवला, चिमूटभर त्यांच्या तळहातावर.
सुभेदारांनी इकडंतिकडं बघून चाटला.
"खारट?"
इल्ल. परत.
दुसऱ्यांदा बराच वेळ तोंड हललं.
"आमच्या माळावरची हाय ही," म्हणाले,
आणि मोजणी विसरून पहिल्यापासून सुरू केली.

पद्मण्णा चपला काढून बसले होते.
चिखलात बोटाएवढी भोकं, वर मातीचं झाकण.
हे दार, म्हणाले.
मला काही दिसेना.
मग डोळे निवले, तसा सगळा कोपरा
श्वास घेतल्यासारखा हलू लागला.

बिबीजान आलीच नाही. म्हशी पाठवल्या.
त्या ज्या वाटेनं उतरल्या
तिच्या कडेनं सुभेदारांनी फक्की ओतली.

असं ते खणलं गेलं.
मध्ये नऊ फूट, एका अंगाला उतार,
आग्नेयेला हात न लावलेला तुकडा.
त्या तुकड्यापायी किती लिटर गेले
ते सुभेदार दर बैठकीला सांगतात.
मी दर बैठकीला लिहिते.
पद्मण्णांचं नाव यादीत आहे,
पुढं त्यांच्याच हातचं: कोपरा वगळून.
सगळ्यांना पटलेलं असं
अजून काहीच नाही या वहीत.

मोजपट्टी सुभेदारांनी स्वतः रंगवली.
वर लिहिलं, आळ ९ फूट.
परवा कोल्हापूरचे कुणी पाहुणे आलेले,
वाचून म्हणाले,
एवढा मोठा आळ? कुणी घेतला, कुणावर?
दुंडप्पा मराठीत म्हणाले,
आम्हीच की. एकमेकांवर.

पाणी यायचंय अजून.
पट्टी कोरडी उभी आहे.